भावाने ठेवलेली फाइल : बडोद्यातील एका प्रलंबित ग्रीन कार्ड अर्जाचा पाठपुरावा

एप्रिल २०२५ मध्ये, दांडिया बाजारातील भाड्याचे घर सोडून वाघोडिया रस्त्यावर राहायला गेलेल्या एका मराठी कुटुंबातील बाई आपल्या यजमानांसह माझ्याकडे आल्या. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता. "दादाने दोन हजार सहा साली आमची फाइल ठेवली होती, ती अजून जिवंत आहे का?" बडोद्याच्या मराठीत फाइल 'ठेवतात', कारण गुजरातीत ती 'मूकतात', आणि नंबर आला की ती 'खुलते'. या दोन क्रियापदांच्या मधल्या एकोणीस वर्षांसाठी मात्र आमच्याकडे शब्दच नाही, आणि या प्रकरणातील बहुतेक घोटाळे त्या बिननावाच्या काळातच झालेले होते.

मी वकील नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीच्या कुटुंबांचे फॉर्म भरून देतो, आणि जिथे कायद्याचा प्रश्न खरोखर अडतो तिथे वकील गाठायला सांगतो. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत आणि नावे कोठेही खरी नाहीत.

बाईंचे थोरले बंधू न्यू जर्सीत राहतात. अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यावर त्यांनी मे २००६ मध्ये बहिणीसाठी आय-१३० हा, नातेवाइकाला कायमचे अमेरिकेत आणण्यासाठीचा अर्ज केला. नागरिकाने आपल्या सख्ख्या भावंडासाठी केलेला अर्ज 'एफ-४' या वर्गात मोडतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार या वर्गाला साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा ठरलेले आहेत, आणि कोणत्याही एका देशाला कौटुंबिक व नोकरीच्या वर्गांतील एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. मागणी प्रचंड आणि वाटा ठरलेला, त्यामुळे भारतातील भावंडांची रांग इतकी लांबली की २०२५ मध्ये २००६ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. अर्ज मंजूर होणे आणि नंबर लागणे या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत, हे या कुटुंबाला कोणी कधी सांगितले नव्हते. अर्ज २००९ सालीच मंजूर झाला होता. भावाने फोनवर "पास झाली" असे कळवले, घरात पेढे वाटले गेले, आणि पुढे काहीच घडले नाही.

माझ्याकडे येण्यापूर्वी ते शहरातील एका एजंटाकडे गेले होते. त्याने पावती क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहिला, अर्ज मंजूर होऊन पुढे पाठवल्याचा जुना शेरा वाचला, आणि "इथे आता काही नाही, फाइल क्लोज झाली, नवी ठेवावी लागेल" असे सांगून आगाऊ रक्कम मागितली. बाईंनी ती दिली नाही, कारण त्याच सुमारास त्यांच्या एका आतेबहिणीची २००६ सालचीच फाइल खुलली होती आणि तिला नवी फाइल ठेवायला कोणी सांगितले नव्हते. मला स्वतःला यात लबाडीपेक्षा अज्ञान अधिक दिसते, पण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला तो फरक काय कामाचा?

वास्तविक झाले होते ते एवढेच की फाइलचे टेबल बदलले होते. आय-१३० मंजूर करण्याचे काम यूएससीआयएस या अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याचे. मंजुरीनंतर, ज्याच्यासाठी अर्ज केला ती व्यक्ती अमेरिकेबाहेर असेल तर फाइल परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते आणि नंबर जवळ येईपर्यंत तेथेच पडून राहते. नंबर जवळ आला की एनव्हीसी फी, फॉर्म आणि कागदपत्रे मागते, आणि सगळे पुरे झाल्यावर मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत ठरते. पहिल्या टेबलावर जाऊन दुसऱ्या टेबलाची चौकशी केली तर "इथे काही नाही" हेच उत्तर मिळणार.

आम्ही एनव्हीसीच्या ऑनलाइन चौकशी फॉर्मपासून सुरुवात केली. बाईंच्या यजमानांनी आधीच एकदा तो भरला होता. "कृपया आमच्या अर्जाची सद्यःस्थिती कळवावी, आम्ही फार काळ वाट पाहत आहोत" अशा अर्थाचा मजकूर होता आणि त्यात अर्ज कोणी केला त्याची जन्मतारीखच नव्हती. उत्तर साचेबंद आले. दुसऱ्या खेपेला चौकशी खुद्द भावाच्या नावाने पाठवली. तीत पावती क्रमांक होता, ज्याची सुरुवात ईएसी या अक्षरांनी आणि वर्षदर्शक ०६ या आकड्यांनी होते. भावाचे पूर्ण नाव व जन्मतारीख आणि बहिणीचे अर्जावर लिहिले होते तेच नाव व जन्मतारीख होती. आणि शेवटी तीनच मुद्दे मांडले होते : आमचा केस क्रमांक व इन्व्हॉइस क्रमांक कळवावा, आमचा ईमेल व पत्ता बदलून घ्यावा, आणि यापूर्वी आम्हाला काही सूचना पाठवली असल्यास तिची तारीख कळवावी. तिसरा मुद्दा मी आग्रहाने घातला होता.

उत्तर आले आणि त्याने सर्वांची झोप उडवली. एनव्हीसीने जून २०२४ मध्येच सूचना पाठवलेली होती. ती भावाने केव्हाच सोडलेल्या कंपनीतील त्यांच्या जुन्या ईमेलवर गेली होती. कायद्यात अशी तरतूद आहे की व्हिसाचा नंबर उपलब्ध असल्याची सूचना मिळाल्यापासून एका वर्षात व्हिसा मागणाऱ्याने हालचाल केली नाही, तर त्याची नोंदणी रद्द करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. ती पुढच्या एका वर्षात, आपल्या हाताबाहेरचे कारण दाखवून, पुन्हा जिवंत करता येते. पण ते सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर असते. आमच्या हाती जेमतेम दोन महिने होते. या अवधीत एनव्हीसीशी साधलेला संपर्कही हालचाल म्हणून धरला जातो, त्यामुळे चौकशी पाठवली त्या दिवशीच धोका बराचसा टळला होता; पण ते आम्हाला नंतर कळले.

केस क्रमांक हाती आला. बीएमबी ही त्याची पहिली तीन अक्षरे, म्हणजे मुंबईची फाइल. त्याच्यासोबत इन्व्हॉइस क्रमांकही आला, ज्यावाचून पुढच्या संगणकीय दालनात शिरताच येत नाही. फीचे गणित सोपे होते : प्रत्येक माणसामागे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राच्या तपासणीचे एकदाच १२० डॉलर. मात्र ती अमेरिकेतील बँक खात्यातूनच भरावी लागते, म्हणून तो भार भावावर गेला. आता प्रश्न उरला की फी किती माणसांची भरायची. बाई आणि यजमान, ही दोन माणसे नक्की. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, मुलगी तेवीस वर्षांची. एजंट म्हणाला होता, "एकवीस पूर्ण झाली, दोन्ही मुलांची नावे कापा."

मुलाच्या बाबतीत तो बरोबर होता आणि मुलीच्या बाबतीत चूक. अर्ज प्रलंबित राहिल्यामुळे मुले वयाबाहेर जाऊ नयेत म्हणून अमेरिकेत २००२ साली 'चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट' हा कायदा झाला. त्याचा हिशेब असा की ज्या महिन्यात व्हिसाचा नंबर प्रत्यक्ष लागतो त्या महिन्याच्या एक तारखेला मुलाचे जे वय असेल, त्यातून आय-१३० दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंतचा काळ वजा करायचा. उरलेले वय एकवीसच्या आत असेल, मूल अविवाहित असेल, आणि नंबर लागल्यापासून एका वर्षात त्याच्यासाठी फी भरणे किंवा फॉर्म भरणे असे पाऊल उचललेले असेल, तर ते आईवडिलांबरोबर जाऊ शकते. म्हणजे रांगेत गेलेली सगळी वर्षे वजा होत नाहीत; खात्याने अर्ज तपासायला जेवढा वेळ घेतला तेवढीच वर्षे वजा होतात. ज्यांचा अर्ज सहा महिन्यांत मंजूर झाला त्यांनी पेढे वाटले असतील, पण त्यांच्या मुलांच्या वयातून सहाच महिने कमी होतात, आणि ज्यांचा अर्ज पाच वर्षे धूळ खात पडला त्यांच्या मुलांना पाच वर्षांची सूट मिळते. कायद्याने दिरंगाईलाच आशीर्वाद करून ठेवल्याचे हे उदाहरण मला अजूनही गंमतीचे वाटते.

तेव्हा सारे काही मंजुरीच्या तारखेवर येऊन ठेपले, आणि ती तारीख कोणालाच आठवत नव्हती. भावाच्या घरी दोनदा स्थलांतर झाले होते. मंजुरीचे पत्र, ज्याला आय-७९७ म्हणतात, कोठे गेले त्याचा पत्ता नव्हता. यूएससीआयएसकडून माहिती अधिकाराखाली फाइलची प्रत मागवता येते, आणि आम्ही तोही अर्ज टाकला. पण त्याला लागणारे आठवडे मोजत बसण्याची वेळ नव्हती. बाईंना मी विचारले की भावाने कधी एखादी झेरॉक्स पाठवली होती का. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ट्रंकेत बघते."

चौथ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता. तीन घड्या घातलेली, रबरबँडचा तपकिरी डाग पडलेली झेरॉक्स. मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाच्या आणि एका जुन्या गॅसच्या पुस्तकाच्या मध्ये ती पंधरा वर्षे होती. डाव्या बाजूच्या चौकटीत पावतीची तारीख होती, २ मे २००६; त्याच्या शेजारी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, तीच; आणि खाली मंजुरीच्या सूचनेची तारीख, ९ ऑक्टोबर २००९. तीन वर्षे, पाच महिने आणि सात दिवस. नंबर लागला त्या महिन्याच्या एक तारखेला मुलीचे वय तेवीस वर्षे नऊ महिने भरत होते. वजाबाकी करता वीस वर्षे आणि चार महिन्यांच्या आतबाहेर उरत होते. मी पहिल्या झटक्यात फाइल एनव्हीसीकडे पोहोचल्याच्या पत्राची तारीख धरून हिशेब केला होता आणि वय आणखी अर्ध्या वर्षाने कमी काढले होते. घरी जाऊन नियम पुन्हा वाचल्यावर चूक लक्षात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून ती कबूल केली. निकाल बदलला नाही, पण एखाद्या दुसऱ्या घरी तो बदललाही असता.

मुलाला या सवलतीचा उपयोग नव्हता; तीन वर्षे वजा करूनही तो पंचविशीच्या आसपास येत होता. आई कायम रहिवासी झाल्यावर त्याच्यासाठी वेगळा अर्ज करू शकेल, मात्र २००६ ची तारीख त्याला मिळणार नाही. अशा मुलांना जुनी तारीख मिळावी की नाही हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि २०१४ साली त्याचा निर्णय भावंडांच्या मुलांच्या विरोधात लागला. मुलाने ते शांतपणे ऐकले आणि "मग माझा पासपोर्ट रिन्यू करायची घाई नको," एवढेच म्हणाला.

कागदपत्रांचा टप्पा लांबला, आणि त्याचे कारण खास बडोद्याचे होते. अर्जाचा सारा पाया भाऊ आणि बहीण एकाच आईबापांची मुले आहेत एवढ्यावर उभा असतो. दादाच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव गायकवाडी वळणाचे, म्हणजे 'राव' लावलेले. सात वर्षांनी धाकट्या बहिणीच्या दाखल्यावर तेच वडील 'भाई' झालेले. समजा एकाचे वडील गोविंदराव आणि दुसरीचे गोविंदभाई. आम्हाला यात काहीच खटकत नाही, कारण रावपुऱ्यात वाढलेल्या माणसाला एकाच मनुष्याचे बाबा, राव आणि भाई असे तिन्ही अवतार पाठ असतात. पण पोर्ट्समथला, न्यू हॅम्पशायरमध्ये, एनव्हीसीत कागद तपासणाऱ्या माणसाने त्यांना दोन वेगळे गृहस्थ समजले तर त्याला दोष कसा द्यावा? त्यात बाईंचे लग्नात नाव बदललेले. आडनावाबरोबर पहिले नावही. माहेरची वसुधा, समजा, सासरी मीनल झाली, आणि पुढे रेशनकार्डावर मीनलबेन. भावाने २००६ साली अर्जावर माहेरचे नाव लिहिले होते, पासपोर्ट सासरच्या नावाचा होता.

बाईंचा जन्म १९६८ चा, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा अमलात येण्यापूर्वीचा. महानगरपालिकेत नोंद सापडली नाही, तेव्हा नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घेतला आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडली. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे 'वन अँड सेम'च म्हणतात, तेही झाले. पण माझ्या मते वजन पडले ते वेगळ्याच कागदाचे. वडील रेल्वेत, प्रतापनगरला नोकरीस होते आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत कुटुंबाची यादी होती. तीत दोन्ही मुलांची नावे एकाखाली एक, जन्मतारखांसह, एकाच हस्ताक्षरात लिहिलेली होती. प्रतिज्ञापत्र आज कोणीही करून आणतो. चाळीस वर्षांपूर्वी, अमेरिकेचा विचारही नसताना, कोण्या कारकुनाने कामाचा भाग म्हणून लिहिलेली यादी कोणाच्या सोयीसाठी केलेली नसते, हे वाचणाऱ्यालाही कळते.

गुजराती कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि भाषांतरकाराने भाषांतर अचूक असल्याचे व आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे सहीनिशी लिहून द्यावे लागते. एका भाषांतरावर हे निवेदन राहून गेले आणि एवढ्यासाठी सारा संच परत आला. पोलीस क्लिअरन्ससाठी तिघेही शहरातील पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आले. त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही.

आर्थिक हमीपत्राचे कोडे थोडक्यात सुटले. भाऊ निवृत्त असून त्यांचे उत्पन्न पेन्शनपुरते. ते पती-पत्नी आणि येणारी तीन माणसे मिळून पाच जणांच्या कुटुंबाला, दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के या नियमाने, २०२५ मध्ये सुमारे ४७ हजार डॉलर उत्पन्न दाखवावे लागत होते. ते पुरे पडेना म्हणून भावाच्या मुलाने संयुक्त हमीदार म्हणून वेगळे हमीपत्र दिले. मूळ अर्ज करणाऱ्याचे, म्हणजे भावाचे, हमीपत्र तरीही द्यावेच लागते, उत्पन्न शून्य असले तरी.

आता राहिले मुलीचे लग्न. फेब्रुवारीत साखरपुडा झाला होता, मार्गशीर्षात मुहूर्त धरला होता आणि मंगल कार्यालयाला आगाऊ रक्कम दिली होती. वयाची सवलत अविवाहित अपत्यालाच मिळते. आणि हे अविवाहित असणे केवळ फॉर्म भरतानाचे नव्हे, मुलाखतीच्या दिवशीचे आणि व्हिसा घेऊन अमेरिकेत पाऊल टाकतानाचेही. मधल्या काळात लग्न झाले तर व्हिसा हातात असूनही निरुपयोगी. हे मी सांगितले तेव्हा आईवडील एकमेकांकडे पाहू लागले आणि लग्न पुढे ढकलण्याचे बोलू लागले. मुलगी तोवर कोपऱ्यात बसून फोनवर नियम वाचत होती. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ती क्वालिटी विभागात काम करते, त्यामुळे कागद ओळ न् ओळ वाचायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "काका, वजाबाकी बरोबर आहे. पण मला जायचं आहे का, हे कोणी विचारलंच नाही."

तो प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये नव्हता, आणि मी तो विचारायला हवा होता. तिला मी दोन्ही बाजू मांडून दाखवल्या. जाऊन, कायम रहिवासी होऊन मग लग्न केले तर नवऱ्यासाठी एफ-२ए, म्हणजे कायम रहिवाशाच्या जोडीदाराच्या वर्गात अर्ज करता येईल, पण त्यालाही रांग आहे आणि ती वर्षांत मोजायची आहे, महिन्यांत नव्हे. येथेच लग्न केले तर हा मार्ग तिच्यासाठी कायमचा बंद, कारण एफ-४ मधला तिचा हक्क आईच्या आधाराने आहे, स्वतंत्र नाही. आठ दिवसांनी तिने स्वतः कळवले की नवरामुलाशी बोलणे झाले आहे. फी भरून नाव चालू ठेवावे, मुलाखतीपर्यंत निर्णय राखून ठेवावा. मला हे शहाणपणाचे वाटले. नंबर लागल्यापासून एका वर्षात पाऊल उचलण्याची अट त्यामुळे पुरी होते आणि जाण्याची सक्ती कोणावर होत नाही. तिच्या फॉर्मसोबत आम्ही त्या झेरॉक्सची प्रत आणि वयाच्या हिशेबाचा एक पानी तक्ता जोडला, कारण अखेरचा निर्णय मुंबईतील अधिकाऱ्याचा असतो आणि त्याने तो कागद शोधत बसावे अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

सप्टेंबरमध्ये कागदपत्रे पुरी असल्याचा संदेश आला. तो या वेळी तीन पत्त्यांवर पोहोचला, भावाच्या, बाईंच्या आणि मुलीच्या. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी केस क्रमांक टाकून स्थिती पाहते आणि स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करते. वांद्रे-कुर्ला संकुलातील मुलाखतीची तारीख अद्याप आलेली नाही. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाने आगाऊ रक्कम परत न करता पुढच्या हंगामासाठी जमा धरली आहे, आणि नव्या पावतीवर तारखेची जागा मोकळी सोडली आहे.